स्फोटाच्या धक्क्याने वाळूचे द्रवीभवन : प्रयोगशाळेत नेमके काय मोजायचे?

प्रश्न : वडोदऱ्यात भू-तंत्र अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मही नदीच्या पात्रातील संपृक्त (छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेली) वाळू भूकंपात द्रवीभूत होईल का, म्हणजे बळ गमावून द्रवासारखी वागू लागेल का, हे त्याने चक्रीय ट्रायॲक्सिअल यंत्रावर (नमुन्याला चहूबाजूंनी दाबून वरून आवर्ती भार देणाऱ्या यंत्रावर) तपासले आहे. प्रबंधाच्या पुढच्या भागात त्याला स्फोटाच्या धक्क्याने होणारे द्रवीभवन अभ्यासायचे आहे. त्याच यंत्रावर हे काम होईल का, प्रत्यक्ष स्फोटके वापरावी लागतील का, आणि धक्क्याच्या क्षणी छिद्रांतील पाण्याचा दाब सुरुवातीच्या प्रभावी दाबाच्या तीसपट नोंदला गेला तर वाळू द्रवीभूत झाली असे लिहिता येईल का, अशा त्याच्या तीन शंका आहेत.

उत्तर : तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे तिच्यातूनच निघतात. शिखर दाबावरून द्रवीभवन ठरत नाही. वाळूचे बळ कणाकणांमधल्या दाबावर, म्हणजे एकूण दाबातून छिद्रदाब वजा केल्यावर उरणाऱ्या प्रभावी दाबावर अवलंबून असते, हे मृदा-यांत्रिकीचे प्रवर्तक टेरझागी यांचे तत्त्व तुम्ही पहिल्या वर्षीच शिकला असाल. स्फोटाची लाट नमुन्यातून जात असते तेव्हा छिद्रदाब प्रचंड वाढतो खरा, पण त्याच क्षणी एकूण दाबही तितकाच किंबहुना थोडा अधिक वाढलेला असतो, त्यामुळे कण त्या वेळी एकमेकांवर पूर्वीपेक्षा घट्टच दाबले गेलेले असतात. द्रवीभवनाचा निवाडा करायचा तो लाट निघून गेल्यावर, एकूण दाब पूर्ववत झाल्यावर छिद्रांत जो जादा दाब मागे राहतो त्यावरून. या शिल्लक छिद्रदाबाचे सुरुवातीच्या प्रभावी दाबाशी असलेले गुणोत्तर 1 च्या जवळ गेले तरच वाळू द्रवीभूत झाली असे लिहावे. तीसपट शिखर आणि 0.1 गुणोत्तर या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत सुखाने नांदू शकतात.

हा शिल्लक दाब येतो कुठून, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय प्रयोगाची मांडणी कळत नाही. सच्छिद्रता 0.40 असलेली, पूर्ण संपृक्त वाळू घ्या. पाण्याचा आयतनी गुणांक (दाबाखाली आकारमान घटण्याला असलेल्या विरोधाचे माप) सुमारे 2.2 गिगापास्कल आणि क्वार्ट्झच्या कणांचा सुमारे 37 गिगापास्कल धरला, तर मिश्रणाचा गुणांक सुमारे 5 गिगापास्कल, घनता घनमीटरला 1990 किलोग्रॅम आणि दाबलाटेचा वेग सेकंदाला सुमारे 1600 मीटर येतो. कणांचा शिखरवेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर लाटेचा दाब घनता, लाटवेग आणि कणवेग यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे सुमारे 3.2 मेगापास्कल होतो. आणि आकुंचन कणवेग भागिले लाटवेग, म्हणजे सुमारे 0.06 टक्के. आता कणांच्या सांगाड्याकडे या. तो पाण्याच्या मानाने फार मऊ असतो. दाबला जाताना त्याचा गुणांक 150 मेगापास्कल आणि मोकळा होताना 300 मेगापास्कल धरू, कारण वाळू दाबताना कण थोडे सरकतात, पण सुटताना ते मूळ जागी परतत नाहीत. सुरुवातीचा प्रभावी दाब 100 किलोपास्कल असेल, तर 0.06 टक्के आकुंचनाने तो 90 ने वाढून 190 होतो. लाट गेल्यावर पाणी जवळजवळ पूर्ण पूर्ववत होते आणि सांगाड्यालाही तेवढेच प्रसरण पावावे लागते. पण त्या प्रसरणात त्याचे 180 किलोपास्कल खर्ची पडतात. शेवटी प्रभावी दाब उरतो 10 किलोपास्कल, आणि बाकीचे 90 किलोपास्कल पाण्याच्या अंगावर येतात. गुणोत्तर 0.9.

हे गणित ढोबळ आहे, गुणांक दाबानुसार बदलतात, सांगाडा सरळ रेषेत वागत नाही. तरी त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळतात. एक म्हणजे, कातर (थरांना एकमेकांवरून बाजूला सरकवणारे बल) मुळीच न देता, एकाच दाबस्पंदाने, सैल वाळू द्रवीभूत होऊ शकते. दुसरी म्हणजे, 3.2 मेगापास्कलच्या धक्क्यात आपल्याला ज्याचा शोध घ्यायचा आहे तो बदल जेमतेम 90 किलोपास्कलचा, म्हणजे शिखराच्या तीन टक्क्यांच्या आतला आहे. प्रयोगशाळेतली सारी झटापट या तीन टक्क्यांसाठी असते.

यावरून पहिल्या शंकेचे उत्तर मिळते. भूकंपात वाळूला मुख्यतः कातर सोसावी लागते, तीही दहा-वीस सेकंद किंवा अधिक काळ, अनेक आवर्तनांत. 26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात वाळूमिश्रित पाणी उसळून वर आले आणि कांडला बंदराच्या परिसरात जमीन खचली, ती या मार्गाने. चक्रीय ट्रायॲक्सिअल यंत्र त्याच यंत्रणेची नक्कल करते. स्फोटात आधी येते ते तीव्र आकुंचन, काही मिलिसेकंदांत संपणारे. कातर असते, पण ती लाटेच्या गोलाकार फैलावातून आणि पृष्ठभागावरच्या परावर्तनातून येते. तुमच्या यंत्राचा पारदर्शक कक्ष साधारण 1 ते 2 मेगापास्कलपर्यंतचाच दाब सोसतो आणि त्याचा कक्षदाब मिलिसेकंदांत वरखाली करता येत नाही. म्हणून ते यंत्र मुख्य चाचणीला चालणार नाही. पण त्यावर झालेले काम वाया गेलेले नाही: त्याच घनतेला आणि त्याच प्रभावी दाबाला वाळूचा चक्रीय प्रतिकार किती, हे हातात असेल तर स्फोट-चाचणीच्या निकालाशेजारी ठेवायला एक भक्कम संदर्भ मिळतो.

दुसरी शंका स्फोटकांची. ती लागत नाहीत, आणि विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊही नये. 2008 च्या स्फोटक नियमांखाली परवाना लागतो, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि हे सोपस्कार पुरे होईपर्यंत तुमच्या प्रबंधाची मुदत उलटून गेलेली असेल. शास्त्रीयदृष्ट्याही तोटा काहीच नाही, कारण नमुन्याला स्फोटकाशी देणेघेणे नसते. त्याला ठाऊक असतो तो त्याच्यापर्यंत पोहोचलेला दाबाचा स्पंद, त्याची उंची, त्याचा चढ आणि त्याची लांबी.

तो स्पंद निर्माण करण्याच्या दोन वाटा तुमच्या आवाक्यात आहेत. पहिली वाट धिम्या दाबाची. जाड पोलादी कक्षात संपृक्त, निचरा बंद केलेला नमुना ठेवून कक्षदाब काही दशक मेगापास्कलपर्यंत सावकाश चढवायचा आणि सावकाश उतरवायचा. अमेरिकेत फ्रागाझी आणि व्हॉस यांनी 1986 मध्ये अशाच चाचण्यांतून दाखवून दिले की धक्का नसतानाही, नुसत्या एका चढउताराने संपृक्त वाळूत शिल्लक छिद्रदाब मागे राहतो. मी वर मांडलेल्या गणिताचा हा थेट पुरावा आहे, आणि तुमच्या महीच्या वाळूसाठी सांगाड्याचे चढते व उतरते गुणांक काढण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुसरी वाट धक्क्याच्या नळीची. त्याच दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात चार्ली, वेयेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रुजवली: वायुदाबाने सोडलेला दट्ट्या पाण्याने भरलेल्या जाड पोलादी नळीच्या तोंडाशी आदळतो, पाण्यात दाबलाट उठते आणि पुढे ठेवलेल्या वाळूच्या नमुन्यात शिरते. असा कक्ष मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या यंत्रशाळेत घडवून घेता येईल. मात्र अपेक्षित शिखराच्या दीडपट दाबावर पाणी भरून त्याची चाचणी झाल्याखेरीज त्याच्याजवळ कोणालाही उभे राहू देऊ नका, आणि त्या चाचणीत पाण्याऐवजी हवा कधीही वापरू नका.

तिसरी वाट सेंट्रीफ्यूजची. आयआयटी मुंबईत अशी सुविधा आहे. तिथे 100 पट गुरुत्वात स्फोटकाचा 1 ग्रॅमचा भार प्रत्यक्षातल्या 1000 किलोग्रॅमचे काम करतो, म्हणून ती आकर्षक वाटते. पण लाटेचा काळ प्रमाणाच्या पटीत आणि निचऱ्याचा काळ प्रमाणाच्या वर्गाच्या पटीत आखडतो, त्यामुळे पाण्याऐवजी अधिक चिकट द्रव भरावा लागतो. पदव्युत्तर प्रबंधाला हे झेपणार नाही.

आता संपृक्ततेबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक निकाल इथेच बिघडतात. छिद्रांतील पाण्यात फक्त अर्धा टक्का हवा राहिली आणि दाब वातावरणाइतका असला, तर पाणी-हवा मिश्रणाचा गुणांक 2200 मेगापास्कलवरून सुमारे 20 मेगापास्कलवर घसरतो. शंभर पटींहून अधिक घट! लाटेचा वेग सेकंदाला 1600 मीटरवरून काहीशे मीटरवर येतो, स्पंद पसरट होतो, सांगाड्यावरचा भार वाढतो आणि चाचणी संपृक्त वाळूची राहतच नाही. भूकंपाच्या कामात आपण स्केम्प्टन यांचा बी गुणांक (निचरा बंद असताना वाढवलेल्या कक्षदाबाचा किती हिस्सा छिद्रदाबात उतरतो ते) 0.95 आला की समाधान मानतो. धक्क्याच्या कामात तेवढ्यावर थांबू नये. वरच्याच वाळूचा सांगाडा 150 मेगापास्कलचा धरला, तर बी 0.95 दाखवत असतानाही पाण्याचा कार्यकारी गुणांक शुद्ध पाण्याच्या निम्म्याच्या आसपासच असतो. नमुना जितका सैल, तितका हा गुणांक अधिक फसवा. म्हणून बीच्या जोडीला नमुन्याच्या दोन टोकांना पिझो स्फटिक (विजेने कंप पावणारे आणि कंपाचा विद्युतसंकेत देणारे) लावून दाबलाटेचा वेग मोजा. तो सेकंदाला 1500 मीटरच्या वर जाईपर्यंत धक्का देऊ नका. आधी कार्बन डायऑक्साइड सावकाश सोडून हवा हुसकावणे, मग निर्वात केलेले पाणी खालून वर चढू देणे, मग 200 ते 400 किलोपास्कल बॅक प्रेशरखाली (उरलेली हवा विरघळावी म्हणून छिद्रांतील पाण्याला दिलेल्या दाबाखाली) नमुना रात्रभर ठेवणे, हा क्रम कंटाळवाणा आहे, पण त्याला आडवाट नाही.

नमुना रचण्याची पद्धतही आधीच ठरवून एकच ठेवा. ओलसर वाळू चोपून रचली तर फार सैल, मधाच्या पोळ्यासारखा पोकळ नमुना तयार होतो आणि पाणी चढवतानाच तो खचतो; नदीने आपला थर असा रचलेला नसतो. पाण्यात वाळूचा पाऊस पाडून रचलेला नमुना महीच्या थराला अधिक जवळचा. सापेक्ष घनता (सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट अवस्थांच्या दरम्यान वाळू कुठे आहे ते) भारतीय मानक 2720 च्या 14 व्या भागाप्रमाणे काढा, आणि ती संपृक्ततेपूर्वी नव्हे तर धक्क्याच्या आधी, नमुन्याची उंची पुन्हा मोजून लिहा.

मोजमापाच्या साधनांत एक सापळा हमखास असतो. वेगवान धक्का टिपायचा म्हणून बहुतेकजण पिझोइलेक्ट्रिक ट्रान्सड्यूसर (दाबाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे साधन) घेतात. त्याचा विद्युतभार हळूहळू गळत असतो, त्यामुळे स्थिर दाब तो धरून ठेवू शकत नाही. नोंद पाहिली तर शिखर सुरेख येते, रेषा खाली उतरते, आणि काही सेकंदांत निवांतपणे शून्यावर येऊन बसते. त्यावरून 'शिल्लक दाब नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तो साधनाच्या गळतीचा निष्कर्ष असतो, वाळूचा नव्हे. शिल्लक दाबासाठी पिझोरेझिस्टिव्ह किंवा स्ट्रेन गेजवर चालणारा ट्रान्सड्यूसर हवा. त्यातही अडचण अशी की 35 मेगापास्कल क्षमतेच्या ट्रान्सड्यूसरची त्रुटी पूर्ण क्षमतेच्या 0.1 टक्का धरली तरी ती 35 किलोपास्कल होते, आणि आपल्याला 90 किलोपास्कल विश्वासाने वाचायचे आहेत. यावर तोडगा म्हणजे दोन साधने: शिखरासाठी मोठ्या क्षमतेचे, आणि शिल्लक दाबासाठी लहान क्षमतेचे, पण मोठा जादा दाब सोसणारे, किंवा झडपेआड ठेवून धक्का ओसरताच नमुन्याशी जोडता येईल असे. झडपेचा मार्ग स्वीकारलात तर जोडणीच्या नळीत पाणी किती मावते ते पाहा, कारण त्या पाण्याच्या लवचिकतेने खुद्द शिल्लक दाबच थोडा खाली येतो. ट्रान्सड्यूसरपुढची सच्छिद्र चकती निर्वात पाण्यात उकळून घ्या. तिच्यात अडकलेला एक बुडबुडा शिखर कापतो आणि नोंद मागे पडते.

नोंद घेण्याचा वेगही दुहेरी ठेवावा लागतो. लाटेचा चढ काही दशक मायक्रोसेकंदांचा असतो, तिथे सेकंदाला दहा लाख वाचने हवीत. शिल्लक दाब मात्र मिनिटभर तरी पाहायचा आहे, तिथे सेकंदाला शंभर वाचने पुरतात.

नमुन्याच्या लांबीचा आणि स्पंदाच्या लांबीचा मेळ बसवणे हे पुढचे काम. 30 सेंटिमीटर लांब नमुना लाट 0.2 मिलिसेकंदाच्या आत ओलांडते. स्पंद 1 मिलिसेकंदाचा असेल, तर तो वाळूत 1.6 मीटर लांब असतो. म्हणजे त्याचे शेपूट आत येण्यापूर्वी त्याचे डोके नमुन्याच्या टोकावर आपटून अनेकदा मागेपुढे फिरलेले असते. अशा वेळी नमुना लाटेखाली नसतोच, तो जवळजवळ एकसमान दाबाखाली असतो, आणि धिम्या चाचणीशी तुलना का जुळते याचे हेही एक कारण आहे. दूरच्या टोकाला पोलादी झाकण असेल तर दाब तिथे जवळपास दुप्पट होतो; मोकळे टोक असेल तर ताणाची लाट परत येते आणि पाण्यात पोकळ्या पडू शकतात. पाण्यातून वाळूत शिरतानाही, दोन्हींच्या लाटरोधातील (घनता गुणिले लाटवेग) फरकामुळे, दाब सुमारे 1.36 पट होतो, म्हणून पाण्यातला शिखर दाब हा नमुन्यावरचा दाब म्हणून लिहू नका. नमुन्यानंतर पुरेशी लांब पाण्याची नळी ठेवून परावर्तन उशिरा यायला लावणे हा त्यातल्या त्यात स्वच्छ उपाय आहे.

निकाल कशाच्या विरुद्ध मांडावेत? माझ्या मते शिखर दाबाऐवजी शिखर आकुंचनाच्या विरुद्ध. सैल वाळूत 0.01 टक्का आकुंचनाच्या खाली शिल्लक दाब नगण्य असतो आणि 0.1 टक्क्याच्या आसपास एका धक्क्यातच द्रवीभवन संभवते. या दोन टोकांच्या मधला भाग घनतेनुसार आणि प्रभावी दाबानुसार कसा सरकतो, हे दाखवणे तुमच्या प्रबंधाचा खरा ऐवज ठरेल. 0.1 टक्का म्हणजे आपल्या वाळूत सेकंदाला 1.6 मीटर कणवेग आणि सुमारे 5 मेगापास्कल. तुलनेसाठी लक्षात घ्या, की खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये साध्या घरांसाठी घालून दिलेली कंपनमर्यादा वारंवारतेनुसार सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर आहे. म्हणजे नियम पाळून केलेल्या खाणस्फोटाने काही अंतरावरची नदीची वाळू एका धक्क्यात द्रवीभूत होईल ही भीती बहुतेक ठिकाणी अनाठायी असते. प्रश्न उद्भवतो तो पाण्याखालील थरातच स्फोट होतो तेव्हा.

क्षेत्रावरच्या अनुभवाशी ताडून पाहायचे असेल, तर स्टुडर आणि कोक यांचे 1980 चे अनुभवजन्य सूत्र हाताशी ठेवा. गुणोत्तर बरोबर 1.65 अधिक 0.64 गुणिले, भाराच्या घनमुळाला अंतराने भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिथम. भार किलोग्रॅममध्ये, अंतर मीटरमध्ये. 1 किलोग्रॅमसाठी त्यातून 2.8 मीटरच्या आत पूर्ण द्रवीभवन आणि 13 मीटरपलीकडे शून्य परिणाम निघतो. त्यात घनताही नाही आणि सुरुवातीचा प्रभावी दाबही नाही, म्हणून त्याला मी अंदाजाची फूटपट्टी मानतो, निवाड्याची नव्हे. आपल्याकडे रुडकी विद्यापीठाच्या जयकृष्ण आणि शमशेर प्रकाश यांनी 1960 च्या दशकात ओब्रा धरणाच्या जागी वाळूत स्फोट-चाचण्या केल्या होत्या. परदेशात तर 1930 च्या दशकापासून सैल वाळू घट्ट करण्यासाठी मुद्दाम असे स्फोट घडवले जात आले आहेत.

तो घट्टपणाचा मुद्दा तुमच्या चाचणीतही येणारच. महीच्या पात्रातील ज्या थरातून फाजलपूरच्या फ्रेंच विहिरी (तळाशी आडव्या सच्छिद्र नळ्या असलेल्या विहिरी) वडोदरा शहराला पाणी पुरवतात, त्यातून पाणी सहज वाहते. तरीही मिलिसेकंदांत निचरा शून्यच, म्हणून धक्क्याच्या क्षणी तो थरही बंद नमुन्यासारखाच वागेल. फरक पडतो नंतर. तिथे शिल्लक दाब लवकर विरतो, जमीन बसते आणि वाळू घट्ट होते. तुमच्या बंद कक्षात तो तसाच राहतो. म्हणून प्रत्येक घनतेसाठी दोन प्रकारचे क्रम लावा. एकात झडप बंद ठेवून धक्क्यामागून धक्के द्या, म्हणजे 0.2 गुणोत्तर देणारा दुबळा धक्का साचत साचत कुठवर जातो ते कळेल. दुसऱ्यात प्रत्येक धक्क्यानंतर झडप उघडून पाणी निघू द्या, निघालेले पाणी ब्युरेटमध्ये मोजा, त्यावरून नवी सच्छिद्रता काढा, लाटेचा वेग पुन्हा तपासा आणि मगच पुढचा धक्का द्या. दोन्ही क्रमांची वाचने एकाच आलेखावर एकाच चिन्हाने टाकू नका. परीक्षक आधी तिथेच बोट ठेवतील.